घरचं पाणी

धाकट्याला माज चढलाय, असं म्हातारीचं पक्कं मत झालं होतं. चार महिने झाले, घरात पाऊल टाकलं की वहिनी तांब्या पुढं करायची आणि हा पिशवीतून स्वतःची बाटली काढायचा. चूळसुद्धा बाटलीतल्या पाण्यानं! म्हातारीच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

"याच विहिरीच्या पाण्यावर तुझा पिंड पोसला. आता कुठल्या राजाच्या पोटी जन्म घेतलास रे?"

"सवय झालीय, आई," एवढं बोलून तो खाली बघायचा.

नोकरी बाटलीबंद पाण्याच्या कंपनीत, राहणंही तिथल्याच खोलीत. वरच्या अंगाचा झरा कंपनीच्या नावावर झाला, त्याला तीन वर्षं झाली. झरा काही कुणाच्या बापानं पेरला नव्हता, पण त्याला तारेचं कुंपण पडलं, फाटक लागलं, राखणदार आला. पाट आटला, म्हातारीचं रान कोरडं पडलं आणि धाकट्याला त्याच फाटकाच्या आत कामाला जावं लागलं. गावाला उरली ती म्हातारीच्या परसामागची एकच विहीर. तीही कंपनीला बघवली नाही. बाटल्या आणि टाक्या धुतलेलं औषधाचं पाणी ती झऱ्याखालच्या खड्ड्यात सोडायची. खड्डा वर, विहीर खाली. पाण्याला काय वाट शिकवावी लागते?

विहिरीचं पाणी हाताला बुळबुळीत लागायला लागलं. थोरल्या सुनेच्या बोटांच्या बेचक्या सोलवटल्या. गल्लीतल्या पोराबाळांची पोटं बिघडली ती बरी होईनात. कंपनी म्हणे, तुमची भांडीच घाण. शेवटी गावानं अर्ज केला आणि तपासणीला सरकारी साहेब येणार असा निरोप आला.

आदल्या दिवशी दुपारी धाकटा आला. बराच वेळ नखं कुरतडत बसला.

"आई, उद्या साहेबांसमोर विहिरीचं एक पेलाभर पाणी पी."

"त्यात काय मोठंसं? रोजच पिते."

"तेच चारचौघांत पी. गाव तुला मानतं. तू प्यालीस की कुणी तोंड उघडणार नाही. आमच्या मॅनेजरनं सांगितलंय. नाहीतर माझी नोकरी जाईल."

म्हातारीला राग आला, पण पोटचा गोळा. त्याच्याच जिवावर चूल पेटत होती. "बरं, पिईन," ती म्हणाली. तो ताटावर न बसताच उठून गेला.

सून भांडी घासता घासता पुटपुटली, "आज पण उपाशीच गेले भावजी."

"आज पण म्हणजे?"

"तुमचं लक्ष कुठंय? इथलं शिजवलेलं काही खातच नाहीत. पातळ नको, चहा नको. आपल्या म्हशीसारखं झालंय त्यांचं."

"म्हशीचं काय मधेच?"

"ती नाही का, डोणीतलं पाणी हुंगते, फुर्र करते आणि मान फिरवते. तिला बिचारीला बाटली कोण देणार?"

म्हातारीच्या हातातलं सूप तसंच राहिलं. माज असता तर कार्ट्याची मान वर असती. हा तर चार महिने खाली बघतोय.



दुसऱ्या दिवशी विहिरीभोवती अख्खं गाव गोळा झालं. साहेब फाईल घेऊन उभा. शेजारी मॅनेजर, चकचकीत बूट चिखलातून वाचवत. धाकट्यानं स्वतः पाणी शेंदलं, पेला भरला आणि आईपुढं धरला.

म्हातारीनं तो घेतला, उजेडाकडे धरून पाहिला आणि लेकाच्याच तोंडापुढं नेला.

"घे रे. लेकरू तहानलेलं असताना आईच्या घशाखाली उतरत नाही. आधी तू पी."

मॅनेजर हसला. "आजी, तो ड्युटीवर आहे."

"पाणीच देतेय ना? दारू तर नाही पाजत!"

गर्दीत खसखस पिकली. कुणीतरी ओरडलं, "पी की लेका! घरचंच हाय!"

धाकट्यानं पेला ओठाशी नेला. मॅनेजरकडे पाहिलं, मग सोललेल्या हातांनी पदर धरून उभ्या असलेल्या वहिनीकडे. त्यानं पेला विहिरीच्या कठड्यावर ठेवला.

"नको आई. तूपण पिऊ नकोस."

मॅनेजरचा चेहरा उतरला. साहेबानं फाईल बगलेत मारली, कठड्यावरचा पेला उचलला, नमुन्याच्या बाटलीत ओतला आणि तिला सील लावलं. गावाला कंठ फुटला, बायाबापड्या मॅनेजरवर धावल्या. धाकटा तेवढ्यात आईच्या पायाशी वाकला. म्हातारीनं पाय मागं घेतले.

"आज सुचलं तुला? चार महिने कुठं गेली होती ही जीभ? त्या कंपनीनं झरा चोरला, ती चोरच. चोराला कसली लाज? पण तू माझ्यासमोर बसून बाटली पीत होतास आणि मी तांब्या तोंडाला लावला की खाली बघत होतास. वाटतं, तुझ्यावर पाणी सोडावं आणि मोकळं व्हावं. पण मेल्या, तुझ्यावर सोडायला तरी घरात चांगलं पाणी ठेवलंस का?"