पहिल्या खांबाची ओल

आमचे वडील, आबा, कांद्याशी बोलायचे. रोज सकाळी आंघोळ झाली की चाळीपाशी जायचे, पहिल्या खांबाला ओल्या हळदीचं बोट लावायचे आणि पट्ट्यांच्या फटीतून आत बघत विचारायचे, "काय गं, बरी हायेस ना?" आत लक्ष्मी बसलेली असते, असं त्यांचं म्हणणं होतं. लक्ष्मी काही कधी ओ द्यायची नाही. मग आबा फटीला नाक लावून लांब श्वास घ्यायचे आणि वासावरूनच तिची तब्येत ठरवायचे.

चाळ म्हटल्यावर कुणाला मुंबई आठवत असेल तर त्यांनी ती खुशाल विसरावी. आमच्या देवळ्याकडे चाळीत माणसं नाही, कांदे राहतात. जमिनीपासून वर उचललेली, खालून वारा खेळणारी, बाजूंना लाकडी पट्ट्या आणि वर पत्रे अशी लांबलचक खोली. उन्हाळ कांदा एकदा तिच्यात भरला की पावसाळा सरेपर्यंत तिथेच. माझी आणि योगेशदादाची सुट्टी त्या चाळीच्या खालच्या पोकळीत गेली. वरून कांद्याची सालं भुरभुर पडायची, केसांत अडकायची. गोणपाटावर पडून आम्ही कैऱ्या खायचो आणि वर आबांची पावलं वाजली की गप्प व्हायचो. तो कोरडा, उग्र, किंचित गोड वास आजही कुठे आला तर माझा पाय अडतो. सातपूरच्या बाजारात कांद्याच्या ढिगापाशी मी उगाच उभी राहते आणि भाजीवाली विचारते, "ताई, घ्यायचेत का नुसते बघायचेत?"

मी सातपूरला एका छोट्या कारखान्यात आहे. आम्ही टॅग बनवतो. गाडीच्या काचेला फास्टॅग असतो ना, त्याच जातीचे. या टॅगला सेल नसतो, वायर नसते. एरवी तो मेल्यासारखा पडून असतो. समोरच्या रीडरने, म्हणजे टॅग वाचणाऱ्या यंत्राने, हाक मारली की त्या हाकेतच जेवढी ताकद असते तेवढ्यावर तो जागा होतो, ओ देतो आणि पुन्हा झोपतो. आता गंमत अशी की टॅगला ओल लागली तर त्याचा आवाज बदलतो. आमच्याकडे इतकी वर्षं याला दोष म्हणत होते. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की आवाज बदलतो म्हणजे ओल कळते, मग हाच सेन्सर. मला हे समजलं त्या दिवशी पहिल्यांदा काय आठवलं असेल तर आबा. तेव्हा आबांना जाऊन बराच काळ झाला होता. जन्मभर ते हाक मारत राहिले, आणि ओ देणारी वस्तू माझ्या हातात ते गेल्यावर आली.

पण चाळीला टॅग लावायचं कारण आबा नव्हते, आई होती.

आमची आई, विठाबाई, देवळ्याच्या मळ्यात एकटी राहायची. जमीन शेजारचे सहादू तात्या बघायचे, पण चाळ आईची. शिडी लावून वर चढायचं, कांद्यांवर बसून हाताने उकरायचं, सडका निघाला की खाली भिरकावायचा. सत्तरी उलटलेली बाई. एकदा शिडी सरकली आणि मनगट मोडलं. दादा ओझरला विमानाच्या कारखान्यात आहे, तिथेच त्याचं घर. तो तडक गेला आणि म्हणाला, "बास झालं. चाळ मोडायची, तू ओझरला चल."

आई चिडली की अहिराणीत शिरायची. "मी मना घरमा बरी शे," आपल्या घरातच बरी आहे, असं ती म्हणाली आणि प्लास्टरच्या हाताने तिने भाकरी उलटली.

दोघंही हट्टी. मध्ये मी पडले. दादाला म्हटलं, एक हंगाम दे. मी चाळीच्या खांबाखांबाला टॅग लावते, समोर भिंतीवर रीडर बसवते, वर छोटं सोलर. कुठे ओल धरली ते आपल्या फोनवर दिसेल. तेवढीच जागा सहादू तात्या उकरतील. आईला शिडीला हात लावायची गरज नाही.

"आणि तुझे टॅग फसले तर?" दादाने विचारलं.

"तर तू म्हणशील तसं."

आई चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती. रात्रभर ती कूस बदलत होती.

उन्हाळ्यात चाळ भरताना मी टॅग लावले. ते कांद्यात पुरून चालत नाहीत. कांदा म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच, त्यात टॅग बहिरा होतो. म्हणून खांबांवर, पट्ट्यांच्या आतल्या बाजूला लावले. पहिला खांब मात्र कोपऱ्यातला, बाहेरून मोकळा. त्यावर हात पोचेल अशा उंचीवर पांढरा चौकोन चिकटवला. तिथे लाकूड पिवळंजर्द झालेलं होतं. आबांची हळद, मी मनात म्हटलं, आणि टॅग अगदी तिथेच दाबून बसवला. मुद्दाम. आबांच्या जागी आपली वस्तू, असं वाटून मला भरून आलं. तंत्र शिकलेली माणसंही अशी बावळट असतात.

आईने विचारलं, "हे काय चिकटवलंस?"

"हाक मारली की ओ देतं ते. आबा विचारायचे ना चाळीला, तसं. आता उत्तर येणार."

"बरं," आई म्हणाली. तिने त्या चौकोनाकडे जरा जास्तच आदराने पाहिलं, हे मला पुढे आठवलं.

चाळ भरली आणि दुसऱ्याच दिवसापासून पहिला खांब बोंबलायला लागला. सकाळी ओला, दुपारी कोरडा. बाकीचे सगळे टॅग शहाण्यासारखे वागत होते. सहादू तात्यांनी तो कोपरा उकरला. कांदे खणखणीत. पुन्हा सकाळी ओल, पुन्हा उकरा, पुन्हा काही नाही. मी दव म्हटलं, पत्रा गळतोय म्हटलं, टॅगच बिघडलाय म्हणून नवा पाठवला आणि तात्यांकडून बदलून घेतला. नवाही तसाच.

तात्या फोनवर म्हणाले, "पोरी, तुझं यंत्र लय खोटं बोलतं गं. लांडगा आला रे आला झालंय. मी आता काय जात नाय."

पण आई गेली. लेकीचं यंत्र ओल सांगतंय, आणि कुणी बघत नाही, म्हणून ती शिडी लावून वर चढली. तात्यांनी पाहिलं आणि दादाला कळवलं. दादाचा फोन आला तो ओरडतच. "तुझ्या टॅगमुळे चढली ती! ज्यासाठी लावले तेच झालं. रविवारी गाडी घेऊन येतोय. कांदा विकायचा आणि आई ओझरला."

शनिवारी मी देवळ्याला गेले. आईने कपड्यांची एक पिशवी भरून ठेवली होती. माझ्याशी नीट बोलली, जेवू घातलं. त्या न भांडण्याचीच मला भीती वाटली. आई भांडत नाही म्हणजे ती हरली.

सकाळी मी ओट्यावर चहा घेऊन बसले होते. आई आंघोळ करून बाहेर आली. हातात छोटी वाटी. चाळीपाशी गेली, वाटीत बोट बुडवलं आणि माझ्या टॅगच्या बरोबर मधोमध ओल्या हळदीचा टिळा लावला. वर कुंकू. हात जोडले. फटीतून आत बघून म्हणाली, "काय गं, बरी हायेस ना?"

माझ्या मांडीवरचा फोन वाजला. पहिला खांब, ओल.

"आई!" मी जवळजवळ किंचाळले. "तू रोज हे करतेस?"

"मग? तुझे आबा गेल्यापासून मीच लावते. एक दिवस चुकवला नाय."

"अगं पण टॅगवर?"

"तूच तर म्हणालीस, आबा विचारायचे तसं हाक मारली की ओ देतं म्हणून. दुपारी उन्हानं वाळलं की मीच फडक्यानं पुसते, उद्याच्याला जागा स्वच्छ पायजे. बोलणाऱ्या देवाला कोरा ठिवू का?"

आबांबरोबर ती हळदही गेली असं मी गृहीत धरलं होतं. चाळीला हळद आणि ती आई लावणार नाही, असं होणार होतं का? मी हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले. आईला वाटलं मला चहाचा ठसका लागला.

दादा आला, टेम्पो घेऊन. मी त्याला काही समजावलं नाही. आईला म्हटलं, परत एकदा लाव. तिने दादाकडे घाबरून पाहिलं आणि बोट टेकवलं. मी फोन त्याच्यापुढे धरला. पहिला खांब, ओल.

"हा टॅग खोटं बोलत नव्हता, दादा," मी म्हटलं. "तो रोज सांगत होता की आई उठली, आंघोळ केली, चाळीपर्यंत चालत आली. आपण कांद्याचं समजत होतो."

दादा त्या पिवळ्या चौकोनापाशी गेला. तिथे लहानपणी आबा त्याला उचलून घ्यायचे आणि त्याचंही बोट हळदीत बुडवायचे. मग तो म्हणाला, "ओलीसाठी दुसरा टॅग लाव, वरच्या अंगाला. हा असू दे."

टेम्पो आला होता आईला न्यायला, परत गेला शिडी घेऊन.

त्यानंतर दादा ड्युटीवर निघण्याआधी रोज फोनवर पहिला खांब बघायचा. जरा उशीर झाला की आईला फोन. "अरे पाणी तापू दे की मेल्या!" असं त्याला झापल्याचं आई मला इकडे सांगायची, फार कौतुकाने. चाळ रिकामी झाली तरी दादाने हळद थांबवू दिली नाही. "रिकाम्या चाळीला हळद लावते, लोक हसतात मला," आई कुरकुरायची. लावायची मात्र रोज.

गेल्या माघात एका सकाळी खांब कोरडा राहिला. दादाने फोन केला, मग तात्यांना केला. आई अंथरुणातच होती, कुशीवर वळलेली, झोपल्यासारखी. स्वतःच्या घरात. दादा दिवसकार्यापर्यंत एकच वाक्य बोलत होता, "मी नेली असती तर तिला हे घर मिळालं नसतं."

मग मळ्यात कुणी नव्हतं. टॅग काढून टाकायला मी दोनदा देवळ्याला गेले आणि दोन्ही वेळा चहा पिऊन परत आले. फोनवर पहिला खांब कोरडाच दिसायचा. बघायचं नाही असं ठरवून मी रोज बघायचे.

यंदा उन्हाळ्यात सहादू तात्यांनी चाळ भरली. मी सातपूरला डबा भरत होते, तेवढ्यात फोन वाजला. पहिला खांब, ओल.

हातातली पोळी तशीच राहिली. मी दादाला फोन लावला.

"कुठे आहेस?"

"देवळ्याला," तो म्हणाला. मागे कोकिळा ओरडत होती. "रजा टाकलीय."

मला खूप काही विचारायचं होतं. विचारलं एवढंच, "आंघोळ करून लावलीस ना?"

"हो गं," दादा म्हणाला. त्याचा आवाज ओला होता. "आणि विचारलंही."