दोन दातांची नक्षी

"मेणाचा नमुना घरी नेऊ नकोस," ओतकामवाले काका म्हणाले होते. तिने ते हसण्यावारी नेलं. पहिल्याच ऑर्डरची अंगठी तिने आठवडाभर मेणात कोरली आणि ओतायला द्यायच्या सकाळी लेकीने ती चावली. तिने आधी लेकीचं तोंड तपासलं, मग अंगठी. कडेला दोन इवल्या दातांचे ठसे होते. नवी कोरायला वेळच नव्हता.

"डिझायनर बदललीस काय गं?" म्हणत काकांनी ती तशीच चांदीत ओतली.

गिऱ्हाईक बाई ठशांवरून बोट फिरवत राहिल्या. "हे कसं सुचलं तुला? अशीच कानातली कर."

आता ती कानातली कोरतेय, मनात नुसत्या उकळ्या फुटतायत. हातात तापलेली सुई आहे, उठता येत नाही. पलीकडच्या खोलीत लेक बराच वेळ गप्प आहे. तुम्ही जरा डोकावून बघता का?