पाहून राहिली

दहावीला मला शेहेचाळीस टक्के आहेत, आणि तेही जुलैच्या परीक्षेत गणिताने दया दाखवली म्हणून. मार्चमध्ये मी गणितात नापासच झाले होते. बारावीला अठ्ठेचाळीस, बी.ए.ला पंचेचाळीस. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण आमच्याकडे पाहुणा आला की पाणी पिण्याआधी घरातल्या पोरांचे टक्के विचारतो.

आमचं घर गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांध या गावी. शाळेच्या खिडकीतून तळं दिसायचं, आणि माझी जागा पहिलीपासून बारावीपर्यंत खिडकीपाशी. ही चूक माझी की शाळेची, ते देव जाणे. थंडीच्या सकाळी तळं नसायचंच. नुसतं पांढरं धुकं असायचं आणि त्यातून मासे धरणाऱ्या ढिवरांचे डोंगे, म्हणजे छोट्या होड्या, एकेक करून बाहेर यायचे. आधी माणसाची टोपी, मग खांदे, मग बांबू, आणि सगळ्यात शेवटी डोंगा. मला वाटायचं, ही माणसं रोज सकाळी त्या धुक्यातच तयार होतात. फळ्यावर काहीतरी चाललेलं असायचं. वर्गातले सगळे वहीत मान घालून लिहायचे आणि मी डोंगे मोजायची. मग गुरुजींचा आवाज यायचा, "योगेश्वरी, कुठं पाहून राहिली वं?"

या प्रश्नाचं खरं उत्तर मी कधी दिलं नाही. खरं उत्तर देणाऱ्याला छडी मिळते, हे मला गणित न येताही कळत होतं.

नववीत असताना मिलिटरीच्या तीन गाड्या देवरीकडे जाताना तळ्यापाशी थांबल्या. एकीचं चाक बसलं होतं. जवान चाक बदलत होते आणि त्यांची अधिकारी, एक बाई, बांधावर उभी होती. तिने गळ्यातली दुर्बीण डोळ्यांना लावली आणि तळ्याकडे पाहायला लागली. पाहतच राहिली. पलीकडचं जंगल, पाणी, डोंगे, सगळं हळूहळू, डावीकडून उजवीकडे. पंधरा-वीस मिनिटं. तिला कोणी विचारलं नाही, कुठं पाहून राहिली. उलट चाक झालं तेव्हा एक मिशीवाला जवान तिच्यापासून चार पावलं लांब थांबला आणि तिचं पाहून होईपर्यंत गप्प उभा राहिला.

मी त्याच दिवशी ठरवलं. लोकांना वाटतं मला गणवेशाची भूल पडली. तीही पडली, नाही म्हणत नाही. पण मला हवं होतं ते हे: पाहणं हेच ज्याचं काम आहे असं काम. त्यानंतर कित्येक दुपारी मी भाताच्या बांध्यांमधल्या धुऱ्यावरून, त्या अरुंद बांधावरून, चालायची तेव्हा माझ्या पायांत जाड बूट असायचे आणि पाण्यात उभे बगळे एका पायावर मला सलामी द्यायचे. ती सलामी मी स्वीकारायची. एकदा तर उलट सलामी ठोकली आणि धुऱ्यावरून घसरून चिखलात बसले.

आता स्वप्न पाहायला टक्के लागत नाहीत, पण अधिकारी व्हायला लागत असतील असं मला वाटायचं. नाही लागत. कुठल्याही वर्गात पदवी मिळाली तरी चालते, आणि मुलींना चेन्नईच्या अकादमीसाठी जी लेखी परीक्षा असते तिच्यात गणित नाही. हे वाचलं त्या दिवशी मी देवासमोर नारळ फोडला. लेखी मी तीनदा दिली आणि तिन्ही वेळा पास झाले, कारण सामान्य ज्ञान आणि इंग्रजी हे दोन्ही मी स्वतःच्या हट्टाने शिकले होते. घोडं अडायचं ते मुलाखतीच्या पाच दिवसांत. पहिल्या खेपेला पहिल्याच दिवशी घरी पाठवलं. दुसऱ्या खेपेला पाच दिवस राहिले आणि शेवटी माझा नंबर पुकारला नाही. या जुलैत तिसरी खेप होती. पुढच्या वेळेला माझं वय बसत नव्हतं. म्हणजे आता नाही तर कधीच नाही.

बाबूजी यावर काही बोलत नव्हते. बाबूजी म्हणजे शालीकराम रहांगडाले, चार एकर धान आणि चौकात खताचं दुकान. माझ्या प्रत्येक निकालाला त्यांनी एकच प्रश्न विचारला, "किती पडले?" मी सांगायची. ते "बरं" म्हणायचे, चप्पल घालायचे आणि शेताकडे निघून जायचे. तेवढंच. त्या "बरं"ने मी जितकी भाजली गेले तितकी छडीने कधी नाही. वाटायचं, चार शिव्या द्या, पण तुझी लाज वाटते असं एकदा म्हणून तरी टाका.

मुलाखतीच्या तयारीसाठी मी गोंदियाला, कुडव्यात मावशीकडे राहून क्लास लावला होता. केशोराव सर, निवृत्त सुभेदार, गाड्यांच्या गॅरेजच्या वरच्या खोलीत शिकवायचे. खालून हॉर्न तपासल्याचा आवाज यायचा आणि वरून सर ओरडायचे. माझ्या इंग्रजीचा त्यांनी धसका घेतला होता. लिहिताना माझं इंग्रजी सरळ चालायचं, पण बोलताना घाई झाली की ते झाडीच्या, म्हणजे आमच्या झाडीपट्टीच्या बोलीच्या, वाटेला लागायचं. आमच्या बोलीत माणूस जात नसतो, जाऊन राहतो. खात नसतो, खाऊन राहतो. माझ्या तोंडून तसंच इंग्रजी निघायचं.

"आय ॲम स्टेइंग गोइंग?" सर कपाळाला हात लावायचे. "हे काय असते? अगं, जाते का राहते, एक काहीतरी कर."

टक्क्यांचं उत्तरही त्यांनी पाठ करून घेतलं होतं. "सवाल येणारच. सांगजो, मदर की तबियत खराब थी."

"दहावीत?"

"दहावीतबी, बारावीतबी."

"आणि बी.ए.त?"

सरांनी थोडा विचार केला. "बी.ए.त फादर."

हे मी घरी सांगितलं तेव्हा माय रोवण्यासाठी, म्हणजे लावणीसाठी, भाताच्या परह्याची रोपं उपटून आली होती, हात कोपरापर्यंत चिखलाचे. माझी माय, सुशिलाबाई, ऊनपावसात कधी शिंकलेली मला आठवत नाही. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"माले कायले बिमार पाडता?" ती म्हणाली. "मी एक दिवस रोवणा नाही चुकवला. तू पोटात होती तवाबी बांधीत उभी होती. त्या साहेबाले काय वाटंन, इची माय कामाची नाही?"

तरी मी ते उत्तर पाठच ठेवलं. मायचा मान एकीकडे आणि माझं सगळं आयुष्य एकीकडे, असं मला वाटत होतं.

भोपाळच्या निवड केंद्रात पहिल्या दिवशी अर्धं मिनिट एक धूसर चित्र दाखवतात आणि त्यावर गोष्ट लिहायला लावतात. धुक्यातून माणसं ओळखण्यात माझा हात कोण धरणार? बाकीच्या पोरींना त्यात अपघात दिसला, जखमी दिसले. मला चार बाया वाकून रोवणा करताना दिसल्या आणि पाचवी कंबर धरून उभी. मी तिच्यावर लिहिलं. आम्ही एकवीस जणी पुढे राहिलो. माझ्या छातीवर चौदा नंबर.

चौथ्या दिवशी मुलाखत. समोर एक कर्नल बसले होते, दक्षिणेकडचे, केस पांढरे. त्यांचं हिंदी माझ्या इंग्रजीसारखं होतं, म्हणून आम्ही माझ्या इंग्रजीवरच भागवलं. त्यांच्या मागे मोठी खिडकी होती. बाहेर हिरवळ, एक माळी, झेंड्याचा खांब, आणि लांबवर ढगांच्या सावल्या सरकत होत्या. माझं नशीब पाहा, जिथे जावं तिथे खिडकी.

त्यांनी कागदांवर बोट ठेवलं. शेहेचाळीस. अठ्ठेचाळीस. पंचेचाळीस. मग वर पाहिलं. "इतके कमी का?"

"सर, माय मदर," मी सुरुवात केली.

आणि माय डोळ्यांसमोर आली, गुडघाभर चिखलात, पदर खोचलेला, माझ्याकडे पाहणारी. मी तिला आजारी पाडू शकले नाही. मग आत जे होतं तेच बाहेर पडलं, आणि नेमकं झाडीच्या वाटेने.

"सर, मदर इज फाइन. इन क्लास, आय स्टेड लुकिंग."

म्हणायचं होतं, मी खिडकीतून पाहत होते. पाहून राहिली होती. त्यांचं पेन थांबलं.

"स्टेड?" त्यांनी विचारलं. "किती वेळ?"

त्यांनी शब्द जसाच्या तसा धरला होता. मला चूक कळली, पण दुरुस्त करावीशी वाटेना. कारण पहिल्यांदाच कोणीतरी तो प्रश्न रागवायला नाही, तर उत्तर हवं म्हणून विचारला होता.

"बारा वर्षं, सर."

"काय पाहत?"

मी सांगितलं. धुकं सांगितलं. डोंगे किती निघायचे आणि किती परत यायचे, कुठल्या महिन्यात कुठले पक्षी उतरायचे, पलीकडच्या जंगलातून गुरं कुठल्या वाटेने पाण्यावर यायची आणि ज्या दिवशी येत नसत त्या दिवशी तिकडे वाघ असायचा, हे सगळं सांगितलं. बांधावरची ती दुर्बीणवाली बाईही सांगितली. इंग्रजी मोडत होतं, त्याला मी मोडू दिलं.

ते खुर्चीत मागे टेकले. "आणि इथे? अर्धा तास झाला तुम्हाला. माझ्या मागे काय पाहिलंत?"

"माळ्याने एकाच वाफ्याला तीनदा पाणी दिलं, सर, आणि शेवटचा वाफा कोरडा आहे. तो कोणाची तरी वाट पाहतोय. झेंड्याची दोरी सैल आहे. नऊ नंबरची मुलगी दोनदा या वाटेने गेली, जाताना रडत होती, येताना तोंड धुऊन आली." मग राहिलेलंही सांगून टाकलं. "आणि सर, तुम्ही मघाशी माझ्या भावंडांबद्दल काहीतरी विचारलं, ते मला कळलं नाही. तेव्हा मी दोरीकडे पाहत होते."

कर्नल साहेबांनी खुर्ची वळवून खिडकीबाहेर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ढगाची सावली हिरवळीवरून सरकून आमच्या खिडकीपर्यंत आली आणि खोलीत थोडं निळं झालं. त्या निळ्यात मला अजिबात भीती वाटत नव्हती. ते परत वळले तेव्हा हसत नव्हते.

"फौजेत ऐकावंही लागतं," ते म्हणाले.

"हो सर. ते अजून शिकायचं आहे."

त्यांनी काहीतरी लिहिलं, खूप वेळ लिहिलं. बाहेर आल्यावर मला वाटलं, मी सगळं घालवलं. केशोराव सर कपाळाला दोन्ही हात लावतील. एका वाक्यासाठी दहा वर्षं पाण्यात.

पाचव्या दिवशी दुपारी एका हॉलमध्ये आम्हा एकवीस जणींना बसवलं. अधिकारी आले, कागद उघडला, तीन नंबर वाचले. चार. चौदा. एकोणीस. बाकीच्यांना परतीचा पास घ्यायला सांगितलं. मी उभी राहिले. पुढे वैद्यकीय तपासणी आहे, मग गुणवत्ता यादी आहे, अजून पुष्कळ पाणी जायचं आहे, हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी व्हरांड्यात येऊन बाबूजींना फोन लावला.

मागे दुकानातली गर्दी ऐकू येत होती. रोवणीचा हंगाम, सगळ्यांना युरिया हवा.

"बाबूजी, निकाल लागला."

"किती पडले?"

"इथं टक्के नसतात."

"असं कसं? कितीपैकी किती, ते तर सांग."

मी नाक ओढत म्हटलं, "एकवीसपैकी तीन."

मी त्या "बरं"ची वाट पाहत होते. ते आलं नाही.

"होऊ दे," ते म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता, गिऱ्हाइकांपासून बाजूला सरकले असावेत. "तीन त तीन. तू रडून राहिली का? रडू नोको. माह्याच्यानं तर दहावीबी नाही झाली, बाई. तुले कोणत्या तोंडानं बोलू, म्हणून मी दरवेळी शेतात निंगून जात होतो. तू घरी ये. कोणी काही विचारलं तर मी पाहून घेईन."

मी भिंतीला टेकून खाली बसले. तीन नंबरांत आपला नंबर ऐकून मला जेवढा आनंद झाला नव्हता तेवढा आता झाला, आणि डोळ्यांतून पाणी थांबेना. मी त्यांना लगेच काही सांगितलं नाही. एकवीसपैकी तीन मिळवणारी, बापाला तरीही हवी असलेली पोरगी होऊन मी थोडा वेळ तशीच बसले.

मग सांगितलं. "बाबूजी, तीन मार्क नाहीत. एकवीस पोरी होत्या. तिघींना घेतलं. त्यातली एक मी."

फोन तुटला की काय वाटलं. मग कोणीतरी तिकडे युरियाच्या दोन बोऱ्या मागितल्या आणि बाबूजींचा आवाज आला, माझ्याशी नाही, त्या माणसाशी.

"उद्या ये," ते म्हणत होते. "आज दुकान बंद आहे."