सतरा बिल्ल्यांची काठी

मी एक जुनी काठी आहे. पण मित्रांनो, मला शोभेची वस्तू समजू नका. मला डोंगर चढण्यासाठी घडवलं होतं. सध्या मी मिशिगनमधल्या ट्रॉय गावी, एका घराच्या बेसमेंटमध्ये, फायरप्लेसच्या वर दोन पितळी हुकांवर आडवी टांगलेली आहे. पाहुणे आले की मान वर करून माझ्याकडे बघतात आणि कौतुक करतात. ते कौतुक माझ्या कानांना टोचतं. का टोचतं, ते तुम्हाला सांगून टाकते. दुसऱ्या कोणाला सांगायची सोय नाही.

माझा जन्म जर्मनीतल्या ओडेनवाल्डच्या डोंगरांत झाला. चेस्टनटची एक सरळ फांदी एका म्हाताऱ्या कारागिराने तोडली, वाळवली, वाफेवर नरम करून तिची मूठ वाकवली आणि खाली लोखंडी टोक बसवलं. तिथले डोंगर काही फार उंच नाहीत, पण जंगल इतकं दाट की माथ्यावर पोचलात तरी समोर झाडांचे बुंधेच दिसतात. म्हणून तिथल्या लोकांनी माथ्यामाथ्यावर मनोरे बांधले. कुठे दगडी, कुठे लाकडी, कुठे लोखंडी. रविवारी माणसं माझ्यासारख्या काठ्या घेऊन पायी निघतात, मनोऱ्यावर चढतात, मैलोगणती मुलूख बघतात आणि खाली आल्यावर तिथल्या उपाहारगृहात त्या मनोऱ्याचा एक छोटासा पत्र्याचा बिल्ला विकत घेतात. तो बिल्ला दोन बारीक खिळ्यांनी काठीवर ठोकायचा. जो वर गेला त्यानेच ठोकायचा, असं माझा कारागीर प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावून सांगे.

मला विकत घेतलं ते दिगंबरने. एकोणीसशे सत्तर साल होतं. तो तिथल्या एका गिअरच्या कारखान्यात इंजिनिअर होता. मोठा हौशी माणूस. घरी नेल्या नेल्या त्याने खिळा तापवून माझ्या मुठीखाली देवनागरीत स्वतःचं नाव डागलं. मी त्याला अहोजाहो करत नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. त्याच्या बायकोला मात्र करते. त्यांचं नाव मालिनीबाई.

पहिल्याच रविवारी आम्ही एका लोखंडी मनोऱ्यापाशी गेलो. त्याच्या पायऱ्या जाळीच्या होत्या, खालचं सगळं आरपार दिसे. दिगंबर मला घेऊन पुढे झाला. विसाव्या पायरीवर त्याने खाली बघितलं आणि तिथेच थिजला. त्याच्या तळहाताला असा घाम सुटला की मी मुठीतून निसटायच्या बेतात आले. एका हाताने कठडा घट्ट धरून, पाठमोरा, एकेक पायरी चाचपत तो खाली उतरला. चेहरा पांढराफटक पडला होता.

"तुम्ही बसा इथे," मालिनीबाई म्हणाल्या. "मी बघून येते आणि तुम्हाला सांगते."

त्यांनी पदर कमरेला खोचला, वरून स्वेटरची बटणं लावली, मला हातात घेतलं आणि चढायला लागल्या. पायात कॅनव्हासचे बूट होते. ओठांतल्या ओठांत पायऱ्या मोजत होत्या. त्यांचा हात कोरडा आणि उबदार होता, जरासुद्धा थरथरत नव्हता. वर पोचल्यावर त्यांनी मला कठड्याशी टेकवून उभं केलं आणि कितीतरी वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग गळ्यातला कॅमेरा काढून फोटो घेतले.

खाली आल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. उजवीकडे नदी आहे, तिच्यात दोन लांब होड्या आहेत. डावीकडे काळं वाटावं इतकं दाट रान आहे. पलीकडच्या डोंगरावर अजून एक मनोरा दिसतो, पुढच्या रविवारी तिकडे जाऊ. दिगंबर मन लावून ऐकत होता. मधे मधे प्रश्नही विचारत होता. मग दोघं हसली, त्याने बिल्ला आणला आणि माझ्यावर ठोकला. ठोकला त्यानेच, पण तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. दोघांची गंमत होती ती.

सात वर्षांत असे सतरा मनोरे झाले. सतराही मालिनीबाई चढल्या. पुढे त्यांना मुलगी झाली, कांचन. ती बापाच्या मांडीवर बसून खाली केक खायची आणि आई वर जायची. पण ती तेव्हा फार लहान होती. तिला यातलं काही आठवत नाही.

सत्त्याहत्तर साली दिगंबरला डेट्रॉइटकडे मोटारींच्या कारखान्यात नोकरी मिळाली आणि आम्ही इथे आलो. हा मुलूख सपाट आहे. टेकडी बघायची तर चार-पाच तास गाडी हाकावी लागते. माझं चालणं संपलं. मला तेल लावलं, हुक आणले आणि टांगलं.

मग सुरू झाले दिगंबरचे स्लाइड शो. मराठी मंडळाची माणसं बेसमेंटमध्ये जमायची. तो मला हातात घेऊन पडद्यापाशी उभा राहायचा आणि माझ्या टोकाने दाखवायचा, ही नदी, हे रान, हा पलीकडचा मनोरा. जर्मनीत तो 'आम्ही गेलो होतो' म्हणायचा. इथे कधीपासून 'मी चढलो' म्हणायला लागला, ते मलाही नेमकं सांगता येणार नाही. एकाही फोटोत तो स्वतः नव्हता, पण फोटो काढणारा फोटोत कसा असेल, असं लोक धरून चालायचे. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तो स्वयंपाकघरात येऊन एकेक स्लाइड खिडकीच्या उजेडात धरायचा. मालिनीबाई कामातून मान वर करून सांगायच्या, ही कुठली, समोर काय, त्या दिवशी वारा कसा होता. तो घोकून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी टाळ्या घ्यायचा. मालिनीबाई कधी काही बोलल्या नाहीत. मला वाटतं, एक ना एक दिवस तो स्वतःच चारचौघांत सांगेल, अशी त्यांना आशा होती. मलाही होती.

शहाऐंशीच्या ऑक्टोबरात मंडळाची तीन कुटुंबं पानांचे रंग बघायला उत्तरेकडे निघाली. तिथे एका रानाने भरलेल्या टेकडीवर वणवे टेहळायचा जुना लोखंडी मनोरा होता. दिगंबरने मला मुद्दाम बरोबर घेतलं होतं. नऊ वर्षांनी माझं टोक मातीला लागलं आणि मला खरंच फार आनंद झाला. मालिनीबाई माझ्या शेजारून चालत होत्या. मनोरा दिसताच त्यांनी कोटाची बटणं लावली आणि पायऱ्यांच्या कठड्यावर हात ठेवला.

"दिगंबरराव, यू लीड," डॉक्टर हेमचंद्र म्हणाले. ते आमच्याच रस्त्यावर राहतात. "तुमच्यासारखा एक्स्पर्ट बरोबर आहे म्हटल्यावर आम्ही निर्धास्त."

"येस डॅड, यू गो फर्स्ट," कांचन म्हणाली. ती आता बारा वर्षांची होती.

दिगंबरने वर पाहिलं. पायऱ्या जाळीच्याच होत्या. माझ्या मुठीवर तोच घाम आला. मला वाटलं, आता सांगेल. घरचीच माणसं होती, कोणी हसलं नसतं.

"मी काय, इतके मनोरे चढलोय," तो म्हणाला. "प्रॉब्लेम हिचा आहे. हिला हाइट्सची भीती वाटते, गरगरतं. एकटीला खाली कसं सोडू? तुम्ही जाऊन या, मी हिला कंपनी देतो."

"मग वहिनी, तुम्ही नकाच चढू," हेमचंद्रांच्या पत्नी सुलभा म्हणाल्या. "किती काळजी घेतात हो तुमची."

मालिनीबाईंनी दिगंबरकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत होता, जणू माझ्यावरचे बिल्ले पहिल्यांदाच दिसत होते. त्यांनी कठड्यावरचा हात काढून घेतला.

"हो," त्या म्हणाल्या. "मला नाही जमत ते."

सगळे वर गेले. मालिनीबाई टेबलाशी बसून पुऱ्या-भाजीचे डबे उघडत राहिल्या. दिगंबर माझ्या टोकाने पाचोळा उकरत होता. कांचन खाली आली ती धापा टाकत, गाल लाल झालेले.

"आई, यू शुड ट्राय इट समटाइम," ती म्हणाली. "इट्स नॉट दॅट स्केअरी."

मालिनीबाईंनी तिच्या हातात पुऱ्यांची प्लेट दिली.

त्यानंतर तीन आठवड्यांनी मंडळाची दिवाळी होती, एका शाळेच्या हॉलमध्ये. त्यातही दिगंबरचा स्लाइड शो ठेवला होता. आदल्या दिवशी सकाळी तो मला तेल लावायला म्हणून स्वयंपाकघरात घेऊन आला आणि टेबलावर ठेवलं. मालिनीबाई मोठ्या पातेल्यात पन्नास माणसांचा चिवडा ढवळत होत्या.

"हा कुठला गं मनोरा?" त्याने स्लाइड खिडकीकडे धरून विचारलं. "ही नदी आहे की रस्ता?"

"मला काय माहीत?"

"असं काय करतेस? दर वेळी सांगतेस की."

"मला कसं माहीत असणार?" त्या शांतपणे म्हणाल्या. झारा थांबला नव्हता. "मला हाइट्सची भीती वाटते ना."

दिगंबर एक वाक्य बोलला असता तर पुरलं असतं. पण स्लाइड डब्यात टाकून तो मला घेऊन बेसमेंटमध्ये निघून गेला.

दुसऱ्या दिवशी हॉल भरला होता. दिगंबर पडद्यापाशी उभा राहून प्रत्येक स्लाइडला म्हणत होता, हे एक सुंदर दृश्य, आणि हे दुसरं सुंदर दृश्य. एक स्लाइड उलटी लागली होती, त्यामुळे उजवीकडची नदी डावीकडे गेली होती. ते ओळखू शकेल असं हॉलमध्ये एकच माणूस होतं, आणि ते मागच्या टेबलापाशी कागदी प्लेट्समध्ये चिवडा भरत होतं. शेवटी टाळ्या झाल्या. दरवर्षी होतात तितक्याच झाल्या. ती गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली.

मित्रांनो, मला तेल लावा, पुसा, नीट टांगा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. माझी निगा इथे उत्तम राखली जाते. मागायचं ते वेगळंच आहे. तुमच्या घरी कोणाच्या पराक्रमाचं कौतुक चाललं असेल, तेव्हा जरा मागे वळून बघा, खायच्या प्लेट्स कोण भरतंय. तिच्याजवळ जा आणि विचारा की वरून काय दिसत होतं. तिला सगळं आठवतंय तोवर विचारा. आमच्या घरी अजून कोणी विचारलेलं नाही.