वगळलेल्या चाचण्या

लीउवार्डन या डच शहरात कालव्याकाठी असलेल्या त्या कचेरीत सकाळी भिंतीवरचा संगणकाचा पडदा हिरवा दिसला, की इम्तेचा दिवस निश्चिंत उगवत असे. प्रांतातल्या रुग्णांसाठी तिथे एक संकेतस्थळ आकार घेत होते. लॉगिन आणि संकेतस्थळ नीट चालते का हे तपासणाऱ्या चाचण्या वोब्बेकडे; डच मजकूर फ्रिशियनमध्ये, म्हणजे प्रांताच्या बोलीत, आणण्याचे काम इम्तेकडे. दोघे एकाच खेड्यातले, शाळेत एकाच बाकावरचे. आपल्या आईसारख्या माणसांना डॉक्टरच्या दारात तरी आपली बोली भेटावी, एवढीच इम्तेची इच्छा होती. चुकलेल्या पासवर्डसाठी डचमध्ये दोन कोरडे शब्द होते. त्याने मनात कितीतरी दिवस घोळवून लिहिले होते, ‘हा शब्द जुळला नाही. घाई नाही, पुन्हा पाहा.’

संकेतस्थळ उद्या खुले होणार होते. इम्तेने चाचणीच्या खोट्या रुग्णाचे नाव घातले, फ्रिशियन निवडले आणि पासवर्ड मुद्दाम चुकवला. ते दोन कोरडे शब्दच उमटले. मग बरोबर पासवर्ड दिला. आतले पानही डचच.

आपलेच काही चुकले असेल, अशा समजुतीने त्याने चाचण्या उघडल्या. फ्रिशियनच्या प्रत्येक चाचणीआधी एकच शब्द होता: ‘वगळा’. वगळलेली चाचणी नापास होत नाही. म्हणून तो पडदा हिरवा. बदल वोब्बेच्या नावावर होता, आणि वसंतातला होता. खिडकीबाहेर आता लिंडनच्या झाडाची पाने गळत होती.

वोब्बे शेजारच्या टेबलाशी केक खात होता.

“वोब्बे, माझ्या चाचण्या तू वगळल्यास?”

“सापडलं म्हणायचं तुला.” वोब्बेने हसण्याचा प्रयत्न केला. “अरे लेका, बटणावर माणूस नुसतं बोट ठेवतो. तू तिथे रविवारचं प्रवचन लावतोस. मावायचं कसं ते?”

इम्ते हसला नाही.

“वरच्यांनी तेव्हाच सांगितलं होतं, एक भाषा पुरे. तुला सांगायला जीभ रेटेना.”

“मग उन्हाळाभर मला लिहू का दिलंस? परवाच्या वाक्याला तर झकास म्हणालास.”

“तू खूश दिसायचास रे.”

नकार इम्तेने सोसला असता. आपण वाक्ये वाचून दाखवत होतो, तेव्हा समोरची मान कशासाठी डोलत होती, हे मात्र त्याला आता कळले, आणि आपलाच आवाज आठवून त्याचे कान तापले.

“आईला सांगून बसलोय मी,” तो हळूच म्हणाला. “उद्या ती उघडून बघणार आहे.”

वोब्बेने बोटांवरचा चुरा झटकला. “बघू दे की. वाचता येतंच तिला. आता पुरे कर.”

इतका वेळ फ्रिशियनमध्ये चाललेले बोलणे सोडून हे तो डचमध्ये बोलला.

कुणी परका आत आला, की त्याचा मान म्हणून फ्रिशियन माणसे नकळत डचकडे वळतात. इम्तेने मान वळवून दाराकडे पाहिले. दार बंद होते. खोलीत दोघांवाचून कुणी नव्हते.

“बरं,” तोही डचमध्येच म्हणाला.