माझे अठ्ठेचाळीस दात

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे. अंगाने काळी, पायाने चालणारी आणि शेजारी म्हणतात तशी आवाजाने भांडखोर. कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या मानेवर सोनेरी वेल होती. आता तिची दोनच पानं उरलीत. बाकीची काकूंच्या मनगटाने पुसली.

काकू माझ्या मालकीण, साऱ्या गल्लीच्या शिवणकाकू. त्यांच्या लग्नाच्या वर्षी मी या खिडकीशी आले. त्यांनी माझ्यावर पोरांची झबली शिवली, मग त्याच पोरांच्या पोरांची. पाय हलवता हलवता गुणगुणायच्या, ‘सुई बाई पुढं जा गं, मागं धागा येतो आहे.’ लोक म्हणायचे, “काकू, कापड विरेल पण तुमचा टाका उसवणार नाही.” कौतुक काकूंचं व्हायचं, निम्मं मी गुपचूप घ्यायचे.

एक दिवस माझ्या पोटातलं दातेरी चाक मोडलं. दुरुस्तीवाल्याने मान हलवली. “हे चाक आता इथं कुणी बनवत नाही, काकू.” मग मी कोपऱ्यात गेले. अंगावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग, त्यावर रद्दी. मुलगा म्हणाला, “आई, विजेची नवी घेऊ. भंगारवाला आला की हिला देऊन टाकू.”

काकूंनी मोडकं चाक बटणांच्या डब्यात जपून ठेवलं. विजेची मशीन त्यांनी शेजारणीकडे चालवून पाहिली होती. पायांना काम नाही म्हटल्यावर त्यांचे हातही भांबावले होते.

सून मात्र स्वस्थ बसणारी नव्हती. तिने फोनवर एक एजंट शोधला. तो परदेशातल्या दुकानातून आपल्यासाठी वस्तू घ्यायचा, स्वतःच्या गोदामात ठेवून तिचा फोटो पाठवायचा आणि आपण हो म्हटलं तरच पुढे धाडायचा. घरातली अशी ही पहिलीच ऑर्डर.

“आई, माप सांगा.”

काकूंनी गळ्यातली टेप मोडक्या चाकाला लावली. “साडेतीन इंच लिही.”

आठ दिवसांनी फोटो आला. नवं चाक, शेजारी मोजपट्टी.

“बरोबर साडेतीन. हो म्हणू?”

काकूंनी चष्मा सारखा केला, डब्यातलं मोडकं चाक काढून पुन्हा मोजलं आणि कपाळाला हात लावला. “अगं, हे तर तीनच आहे.”

“मग साडेतीन कुणी सांगितलं?”

“मीच. शिवणीसाठी अर्धा इंच जास्त धरला. हाताची सवय गं.”

“आई, लोखंडाला शिवण कुठली?”

“आता हसत बसणार की त्याला कळवणार?”

सून हसत हसतच लिहायला लागली. एजंटाचं उत्तर आलं, ‘अजून पाठवलेलं नाही, बदलून मिळेल. नुसत्या मापावर जाऊ नका. दात मोजून सांगा.’

काकू खडूने खुणा करत मोजू लागल्या.

“मोडलेलेही धरा हं, आई.”

“धरले. त्यांनीही काम केलंय.”

तीनदा मोजले. तिन्ही वेळा अठ्ठेचाळीस.

पण चाकाआधी भंगारवालाच दारात उभा राहिला. मुलाने मला एका बाजूने उचललंही.

“ठेव खाली,” काकू म्हणाल्या. “तिचं चाक वाटेत आहे.”

“आणि नाही बसलं तर?”

“तर दुसऱ्या बाजूने मी उचलेन.”

पुढच्या आठवड्यात पुडकं आलं. चाक बसवण्याआधी काकूंनी त्याचेही दात मोजले, आणि खरं सांगते, मीही. मग त्यांनी तेलाचे दोन थेंब सोडले आणि पाय दाबला. खडखड करत मी अशी काही बोलले की शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली.

“लागली भांडायला,” आतून मुलगा म्हणाला. थोड्या वेळाने तो बाहेर आला आणि खिसा उसवलेला सदरा त्याने मुकाट्याने माझ्यासमोर ठेवला.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. वरचेवर तेल द्या, धूळ झटका. आणि घरातलं एखादं जुनं बंद पडलं, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी त्याचे दात मोजा. मोडलेलेही धरा.