वरची डिस्क

बाबांनी नव्या सर्व्हरचं झाकण बसवलं, स्क्रू आवळले आणि पेनड्राइव्ह खोचून मशीन चालू केलं. फोटो स्टुडिओचे मालक मागच्या खोलीच्या दारातच उभे होते. जुन्या सर्व्हरने मान टाकली होती. त्यातली डिस्क तेवढी धड होती, आणि अर्ध्या शहराच्या लग्नांचे फोटो त्या एका डिस्कवर होते. दुसरी प्रत कुठेच नव्हती.

"फोटो राहतील ना हो शाबूत?"

"निर्धास्त राहा. आधी नवी सिस्टम टाकतो, मग जुनी डिस्क जोडून फोटो उतरवून घेऊ."

शेजारी स्टुलावर त्यांची मुलगी बसली होती. शिक्षण झाल्यापासून ती बाबांच्याच धंद्यात होती. बाबांचं सिस्टम टाकणं बघण्यासारखं असे. भाषा, वेळ, कीबोर्ड; पडदा नीट उमटायच्या आत त्यांचं बोट पुढे गेलेलं. वाचायच्या भानगडीत ते पडत नसत, हातच बसला होता. लहानपणापासून तिला याचं कौतुक होतं. अलीकडे थोडी धास्तीही वाटायची.

डिस्क निवडायचा पडदा आला. नव्या सर्व्हरमध्ये डिस्क एकच असायला हवी होती. पडद्यावर दोन दिसत होत्या, एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या. खालची रिकामी होती, वरची जवळजवळ भरलेली. निवडीची निळी पट्टी वरच्या डिस्कवर होती.

वरची म्हणजे फोटोंची जुनी डिस्क. सिस्टम टाकून होईपर्यंत जुनी डिस्क जोडायची नाही, हे बाबांनीच तिला शिकवलं होतं. झाकण पुन्हा उघडायचा कंटाळा म्हणून आज त्यांनीच ती आधी जोडून ठेवली असणार, आणि साफ विसरले असणार.

या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं का, असं पडद्याने विचारलं. बाबांचं बोट एंटरकडे निघालं.

मागे एका दवाखान्यात ती चारचौघांत "बाबा, चुकलं" म्हणाली होती. तेव्हापासून तिथले डॉक्टर फोनवर सांगत, मुलीलाच पाठवा. बाबा हसून बरं म्हणत, आणि त्या दिवशी जेवताना मान वर करत नसत.

ती वाकली आणि टेबलामागे हात घालून तिने प्लग उपटला. पडदा काळा झाला.

"हे काय केलंस?"

"पाय अडकला वायरमध्ये."

"पाय अडकला! डोळे कुठे असतात तुझे? सर्व्हर आहे हा, टेबलफॅन नाही!"

"असू द्या हो," मालक हसले. "पोरगी जरा वेंधळी दिसते."

ते तिला चांगलंच झोंबलं.

आतली एखादी वायर हलली का, हे बघायला बाबांनी पुटपुटत झाकण उघडलं. मग त्यांचं पुटपुटणं थांबलं. त्यांनी आत जोडलेल्या जुन्या डिस्ककडे पाहिलं, मग प्लगच्या वायरकडे. वायर टेबलामागून भिंतीच्या कडेने गेली होती. तिथे कुणाचा पाय पोचणं शक्यच नव्हतं.

त्यांनी जुनी डिस्क सोडवली, शर्टाच्या टोकाने पुसली आणि मालकांच्या हातात ठेवली.

"मी मागेपर्यंत ही तुमच्याजवळच राहू द्या. आणि वेंधळी ती नाही."

मालकांना काही उमगलं नाही, पण त्यांनी डिस्क दोन्ही हातांनी धरली.

मशीन पुन्हा सुरू झालं. या वेळी बाबांनी चष्मा लावून ओळ न ओळ वाचली. बराच वेळ लागला. शेवटी मशीनने विचारलं, इथला मुख्य वापरकर्ता कोण? शहरभर बाबांनी बसवलेल्या प्रत्येक मशीनवर या जागी त्यांचंच नाव होतं. त्यांचा पासवर्ड घरातही कुणाला ठाऊक नव्हता.

बाबांनी कीबोर्ड तिच्याकडे सरकवला.

"तुझं नाव टाक."

तिने टाकलं. खाली पासवर्डची चौकट उघडली.

दुसरं कुणी पासवर्ड टाकत असताना बघायचं नाही, ही त्यांच्या धंद्यातली रीत. बाबा खुर्चीवरून उठले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"झालं का?"

तिला पडद्यावरची अक्षरं नीट दिसत नव्हती.

"थांबा, बाबा. एवढ्यात वळू नका."